ताप आला तरच

अश्विनी मळेकर हिर्डोशीची आशा सेविका होती. गावातल्या आणि डोंगरावरच्या वाड्यांतल्या बाळंतिणींच्या घरी जायचं, तान्ह्या पोरांची वजनं करायची, लसीच्या दिवशी माणसं गोळा करायची, हे काम ती अकरा वर्षं करत होती. तेवढ्या वर्षांत तिच्या वहीतलं एकही मूल दगावलं नव्हतं. हे ती कुणाला बोलून दाखवत नसे, पण मनात धरून होती.

हेकळमाळ हा तिच्याकडचा सगळ्यात वरचा वाडा. धनगरांची सात घरं. गावातून दीड तासाचा चढ आणि मधे एक ओढा. तिथं सोजराबाई ढेबे राहायची. वय साठीच्या पुढं, पण अजून शेळ्यांमागं डोंगर पालथा घालणारी. घरात तिचा मुलगा सूरज आणि सून कोमल. लग्नाला चार वर्षं झाली होती आणि कोमलला दोनदा दिवस जाऊन गर्भ पडला होता. तिसऱ्या खेपेला, डिसेंबरच्या शेवटी, तिला भोरला मुलगी झाली. वजन दोन किलो शंभर. बाराव्या दिवशी मुलीचं नाव ठेवलं राजनंदिनी. कोमलनं ते मोबाईलवर शोधून काढलं होतं. सोजराबाईच्या जिभेला ते वळायचं नाही, ती नंदे म्हणायची.

बारशाच्या दोन दिवस आधी बाळ सारखं शिंकायला लागलं म्हणून कोमल घाबरली. सूरजनं बाळाला घोंगडीत गुंडाळलं, डोंगर उतरला, जीप करून आरोग्य केंद्र गाठलं. डॉक्टरांनी तपासलं. काही नव्हतं. त्यांनी अश्विनीला फोन केला.

"एवढ्याशा बाळाला या थंडीत दीड तास डोंगरातून आणायचं का? तुम्ही सांगत नाही का त्यांना काही? ताप-बिप असता तर गोष्ट वेगळी."

अश्विनी "हो साहेब" म्हणाली. अकरा वर्षांत तिला असं कुणी बोललं नव्हतं. ते तिच्या डोक्यातून जाईना.

चौदाव्या दिवशी ती हेकळमाळावर गेली तेव्हा अकरा वाजले तरी धुकं उठलं नव्हतं. तिनं बाळाचं वजन केलं. दोन किलो दोनशे सत्तर. बाळ अंगावर नीट पीत होतं. सगळं ठीक होतं. दुपारी भोरला बैठक होती आणि हिर्डोशीवरून जाणारी एसटी एकदा चुकली की मग संध्याकाळपर्यंत दुसरी नाही. ती उंबऱ्याशी चपला घालत असताना कोमलनं विचारलं, "ताई, परत काय वाटलं तर?"

एरवी अश्विनी पिशवीतून चित्रांचं पुस्तक काढायची आणि एकेक चित्र दाखवायची. बाळ दूध ओढत नाही, बाळ सुस्त पडलंय, अंग तापलंय, अंग गार पडलंय, श्वास भरभर चाललाय. त्या दिवशी पुस्तक पिशवीतच राहिलं.

"कोमल, एवढ्या थंडीत डोंगर उतरायचा म्हणजे बाळालाच त्रास," ती म्हणाली. "आता ताप आला तरच खाली आणा."

सोजराबाई चुलीपाशी बसली होती. तिनं मान वर करून पाहिलं आणि "बरं" म्हणाली.

पाच दिवसांनी सकाळी साडेसातला सूरजचा फोन आला. त्याला बोलताच येत नव्हतं. वाड्यावर रेंज नाही, म्हणजे तो खाली कुठंतरी उतरलेला होता, एवढं अश्विनीला कळलं. ती तशीच निघाली.

ते ओढ्याजवळ होते. सूरज एका धोंड्यावर बसला होता. कोमल बाळाला छातीशी धरून उभी होती आणि पदरानं त्याचं तोंड पुन्हा पुन्हा झाकत होती. सोजराबाई दहा-बारा पावलं लांब, वाटेवरच खाली बसली होती. अश्विनीनं बाळाला हात लावला. हात मागं घेतला.

"काल सकाळपासून पीत नव्हती," कोमल म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता, कुणाला घरचा पत्ता सांगावा तसा. "म्या म्हणले, खाली नेऊ. आत्यांनी नेऊ दिलं न्हाई."

"ताप न्हवता," सोजराबाई लांबूनच म्हणाली. "घटकंघटकंला हात लावून बघत हुते. गार हुतं अंग. ताप असता तर म्या सोता घेऊन पळाले असते."

"कशाला अडिवलं मग?" कोमलनं विचारलं.

"आशाबाय म्हणली हुती. ताप न्हाई तर आणू नगा म्हणून."

आपण असं म्हटलेलं नाही, हे अश्विनीला पक्कं आठवत होतं. पण ही जागा वाद घालायची नव्हती.

सूरज आदल्या दिवशी म्हशी घेऊन पलीकडच्या खोऱ्यात गेला होता, तो अंधार पडल्यावर घरी आला. बाळाचं तोंड बघून त्यानं आईचं काही ऐकलं नाही. रात्री डोंगर उतरणं शक्य नव्हतं, फटफटल्याबरोबर तिघं निघाली. ओढ्यापर्यंत येईतो बाळ गेलं होतं. दुपारी माळाच्या कडेला, करवंदीच्या जाळीपाशी त्यांनी तिला पुरलं. चौथ्या दिवशी कोमलचा बाप धनाजी आला आणि लेकीला वेल्ह्याकडं घेऊन गेला. निघताना कोमल सासूच्या पाया पडली नाही.

आरोग्य खात्याची पद्धत अशी, की तान्हं मूल गेलं की त्याची चौकशी होते. घरच्यांना आणि आशाला बोलावतात, काय झालं ते लिहून घेतात. त्याप्रमाणं पुढच्या आठवड्यात भोरला बैठक झाली. एका टेबलापलीकडं बाहेरून आलेल्या डॉक्टरीणबाई होत्या आणि त्यांच्या शेजारी लिहून घेणारा कुमार नावाचा सहाय्यक. अलीकडं अश्विनी आणि सोजराबाई खुर्च्यांवर. सूरज दाराशी भिंतीला टेकून उभा होता. कोमल आली नव्हती.

बाई मायेनं बोलत होत्या. त्यांनी सोजराबाईला पाणी दिलं, मग विचारलं, "आजी, बाळ पीत नव्हतं, तरी लगेच का नाही आणलं?"

"ताप न्हाई तर आणू नगा, आसं सांगितलं हुतं."

"कुणी?"

सोजराबाईनं अश्विनीकडं बोट केलं नाही. नुसतं बघितलं.

"अश्विनीताई, तुम्ही नक्की काय सांगितलं होतं? आठवून सांगा."

"मॅडम, मी म्हटलं होतं, ताप आला तरच खाली आणा."

"ताप नसेल तर आणू नका, असं म्हणालात का?"

"नाही मॅडम. आणू नका हा शब्द माझ्या तोंडून गेलाच नाही." अश्विनीला भीती वाटत होती. आपल्यावर आळ येण्याची नव्हे, खरं सांगूनही कुणाला खरं वाटणार नाही याची. "देवाशप्पथ. कोमलला विचारा, ती तिथंच होती."

"ठीक आहे, ठीक आहे," बाई म्हणाल्या. त्यांनी कुमारकडं पाहिलं. कुमार लिहीत होता. लिहून झाल्यावर त्यानं वाचून दाखवलं. ताप आल्यास बालकास आरोग्य केंद्रात आणण्याबाबत आशांनी समुपदेशन केले होते. ताप नसल्यास आणू नये असे सांगितल्याचे आजीचे म्हणणे आहे, तथापि त्यास दुजोरा मिळत नाही. सल्ला समजून घेण्यात आजीचा गैरसमज झाला असावा.

"काय लिवलं?" सोजराबाईनं विचारलं.

"तुमच्या ऐकण्यात चूक झाली, असं," कुमार म्हणाला. "कुणाला दोष दिलेला नाही, आजी. घाबरू नका."

"मला आयकू येतं," सोजराबाई म्हणाली.

कुमारनं शाईचा पॅड पुढं केला. तिनं अंगठा उठवला आणि तो लुगड्याला पुसत राहिली. दाराशी उभा असलेला सूरज तेवढं ऐकून बाहेर गेला. परतीच्या एसटीत तो पुढं ड्रायव्हरजवळ उभा राहिला, आई मागच्या बाकावर. हिर्डोशीला उतरल्यावर तो तिच्यासाठी थांबला नाही. सोजराबाई एकटीच डोंगर चढून गेली. अश्विनी फाट्यावर उभी राहून तिच्याकडं बघत होती. तिला वाईट वाटत होतं आणि सुटल्यासारखंही वाटत होतं.

पुढचे तीन आठवडे तिनं काम केलं. हेकळमाळावर तिची फेरी नव्हती, आणि नव्हती हेच बरं होतं. वाड्यावरची कुणी ना कुणी भेटायची आणि सांगायची. सूरज आईच्या हातचं खात नाही, स्वतःचं शिजवून घेतो. म्हातारी शेळ्यांबरोबर जाते ती दिवस बुडाल्यावरच येते. तिनं खोटं रचलं, असं आता वाड्यात सगळे म्हणायला लागले होते. नात नकोच होती तिला, मुलगा हवा होता, असंही एकीनं अश्विनीला सांगितलं. अश्विनी म्हणाली, "असं बोलू नये." एवढंच म्हणून ती आपल्या वाटेला लागली.

फेब्रुवारीतला एक रविवार होता. अश्विनी ओट्याशी नाचणीच्या भाकरी थापत होती. तिची मोठी मुलगी प्रेरणा भरतीच्या परीक्षेचा अभ्यास करायची. ती खाली पाट टाकून पुस्तक घेऊन बसली होती. कंटाळा आला की ती आईला प्रश्न घालायची.

"हा सांग बरं. 'सही असेल तरच अर्ज स्वीकारला जाईल.' याच्याशी तंतोतंत समान अर्थाचं विधान ओळखा. एक, सही असेल तर अर्ज नक्की स्वीकारला जाईल. दोन, सही नसेल तर अर्ज स्वीकारला जाणार नाही. तीन, अर्ज स्वीकारला नाही म्हणजे सही नव्हती."

"पहिलं," अश्विनी म्हणाली. "तेच तर म्हटलंय त्यात."

"चुकलं. सही आहे, पण फोटो नाही. मग? परत करतील की. सही असेल तर घेतीलच, असं कुठं म्हटलंय? आणि एक नि तीन हे एकच आहेत, नुसतं उलटं करून लिहिलंय. उत्तर दोन."

"दोन कसं? त्यात तर 'नाही, नाही' आहे. वरच्या वाक्यात नाही हा शब्दच नाही."

"तिथंच तर सगळ्यांचं चुकतं." प्रेरणाला शिकवायला आवडायचं. तिनं पुस्तक मिटलं. "हे बघ. तू म्हणतेस ना, आंघोळ केली तरच देवाला हात लावायचा. मग आंघोळ नाही केली तर?"

"तर नाही लावायचा."

"पण तू 'नाही लावायचा' असं म्हणालीस का?"

"नाही म्हणाले."

"तरी मला कळलं ना? तो 'च' आहे ना, त्यातच ते आलं. नुसतं 'तर' म्हटलं की दुसरी बाजू मोकळी राहते. 'तरच' म्हटलं की बंद झाली. आंघोळ केली तरच लाव आणि आंघोळ केली नसेल तर लावू नको, ही वाक्यं दोन दिसतात, पण आहे एकच."

अश्विनीचा हात परातीत थांबला. तव्यावरची भाकरी करपायला लागली तसा प्रेरणाला वास आला. ती उठली, भाकरी उलटली आणि आईकडं पाहिलं.

"काय झालं गं?"

"ताप आला तरच आणा," अश्विनी हळू म्हणाली. "ताप नसेल तर आणू नका."

प्रेरणाला कळायला थोडा वेळ लागला. मग तिचा चेहरा उतरला. तिनं गॅस बंद केला. "आई, पण तुला तसं म्हणायचं नव्हतं ना."

"मला काय म्हणायचं होतं ते राहू दे. ही दोन एकच आहेत का, तेवढं सांग."

प्रेरणानं पुस्तक उचललं आणि तसंच खाली ठेवलं.

"सांग ना."

"एकच आहेत," प्रेरणा म्हणाली.

अश्विनी हात न धुताच मागच्या दारी जाऊन बसली. भोरच्या खोलीत आपण देवाची शप्पथ घेऊन सांगितलं, हे तिला आठवत होतं. म्हातारी काय बोलली, हेही. तिथं दोघी एकच गोष्ट सांगत होत्या. कागदावर मात्र एक खरी आणि एक खोटी ठरली. आणि कुमारनं लिहिलं होतं 'ताप आल्यास'. त्यात तो 'च' कुठंच नव्हता. तो तिच्या कानादेखत गळाला आणि तिला कळलंही नाही.

नवरा कुंडलिक शेतावरून आला तेव्हा तिनं त्याला सगळं सांगितलं. तो बराच वेळ पायाला लागलेला चिखल खरवडत राहिला.

"झालं ते झालं," तो शेवटी म्हणाला. "कागद वर गेला. आता तू उकरून काढलंस म्हणून पोर परत येणार हाये का?"

"नाही येणार."

"मग? उद्या तुलाच काढून टाकतील. आणि वाड्यावरची माणसं. दगडं मारतील."

"म्हातारीला रोज मारतायत ना."

"जायचं तर जा," कुंडलिक म्हणाला. "पर म्या संग येतो."

"नको. एकटीच जाते."

दुसऱ्या दिवशी ती हेकळमाळावर गेली. सोजराबाई नुकतीच शेळ्या सोडत होती. सूरज गोठ्यात शेण काढत होता. घराला आता दोन चुली होत्या, एक आत आणि एक पडवीत तीन दगडांची. अश्विनीनं दोघांना बोलावलं. सूरज आला, पण खोरं हातातच ठेवून.

तिनं तोंडपाठ केल्यासारखं सांगितलं. मी म्हटलं होतं ताप आला तरच आणा. त्याचा अर्थ ताप नसेल तर आणू नका असाच होतो, दुसरा होत नाही. मावशींनी जे ऐकलं ते बरोबर ऐकलं. बाळाचं अंग गार पडलं तरी आणायचं असतं, हे मला शिकवलंय आणि मी त्या दिवशी ते सांगितलं नाही. चूक माझी आहे.

सूरज तिच्याकडं बघत राहिला. "मग भोरला का न्हाई सांगितलं?"

"मला तेव्हा कळलं नव्हतं."

"तुमाला कळलं न्हवतं," तो म्हणाला. त्यानं खोरं भिंतीला टेकवलं आणि तो वर माळाकडं निघून गेला. आईकडं त्यानं पाहिलं नाही.

सोजराबाई एका शेळीच्या कानातली गोचीड काढत होती. ती काढून झाल्यावरच बोलली.

"मला ठाव हुतं तू काय म्हणालीस ते. पर म्या काय म्हणते, त्या कागदावाल्यानं लिवलं, तू बोललीस, माझा पोरगा बोलला. इतकी माणसं म्हणतात म्हंजी माझंच चुकलं आसंल, आसं वाटाया लागलं. रातच्याला पडल्या पडल्या तुझं बोलणं आठवायची. म्हणली का न्हाई म्हणली? एक महिना झाला."

"मावशी, मी…"

"माफी मागू नगं. म्या काय करू तिचं?" तिनं शेळीला सोडलं. "कोमलला जाऊन सांग. तिनं मला ओढ्यापाशी जे इचारलं, त्याला म्या दिल्यालं उत्तर तिला खरं वाटलं न्हाई."

वेल्ह्याला जायचं म्हणजे हिर्डोशीवरून भोर, भोरवरून चेलाडी फाटा, तिथून पुढची गाडी. अश्विनी पहाटेच्या एसटीनं निघाली ती धनाजीच्या दारात पोचली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. कोमल अंगणात तांदूळ निवडत होती. ती वाळली होती. छाती घट्ट आवळून बांधलेली होती. दूध अजून पुरतं आटलं नव्हतं.

अश्विनीनं तेच सगळं पुन्हा सांगितलं. सूप मांडीवर घेऊन कोमल ऐकत होती.

"ताप आला तरच, असं तुमी म्हणाला, ते म्यापण ऐकलं हुतं," ती म्हणाली. "पर आत्या म्हणाल्या तसं न्हवतं म्हणाला तुमी. म्हणून मला वाटलं, ह्या आपल्या मनाचं सांगतायत."

"मलाही तसंच वाटलं."

"म्हंजी त्या खोटं बोलत न्हवत्या."

"नाही."

"म्या त्यांना काय काय बोलले. म्हणले, तुमीच खाल्ली तिला." कोमलनं सूप खाली ठेवलं. तांदळात बोटं फिरवत राहिली. "दोघी खरं बोलत हुतात. मग ती मेली कशानं?"

धनाजीच्या बायकोनं चहा आणला. तो तसाच राहिला, त्यावर साय धरली. निघताना अश्विनी म्हणाली, "माझ्याबरोबर येतेस का?" कोमलनं मान हलवली. ती येणार नव्हती. पण आठ दिवसांनी ती आपली आपण आली, बापाला घेऊन. तिनं सासूपुढं बसून एवढंच म्हटलं, "आत्या, म्या तुमाला लई बोलले." सोजराबाई म्हणाली, "बोललीस." मग तिनं चुलीपुढची जागा सुनेला करून दिली. हे अश्विनीला वाड्यावरच्या एकीनं नंतर सांगितलं. त्या दिवशी ती तिथं नव्हती.

तिनं वर अर्जही दिला. प्रेरणानं तो स्वच्छ अक्षरात लिहून दिला होता. त्यात दोन्ही वाक्यं एकाखाली एक मांडली होती आणि नोंद दुरुस्त करावी अशी विनंती केली होती. पंधरा दिवसांनी त्या डॉक्टरीणबाईंचा फोन आला.

"मी वाचला तुमचा अर्ज," त्या म्हणाल्या. "खरं तर मला तिथंच कळायला हवं होतं. मीच तुम्हाला ती दोन वेगळी वाक्यं असल्यासारखं विचारलं."

"मग दुरुस्त होईल ना मॅडम?"

"अहवाल पुण्याला गेलाय. अर्ज मी जोडून ठेवते. पण आतलं लिहिलेलं आता बदलत नाहीत."

"म्हणजे आजींच्या अंगठ्याच्या वर तेच राहणार?"

"हो," बाई म्हणाल्या.

अश्विनीला कुणी काढलं नाही. दगडही कुणी मारले नाहीत. हेकळमाळाच्या बायकांनी फक्त निरोप पाठवला की आम्हाला दुसरी आशा द्या. तिनं त्यावर हरकत घेतली नाही, स्वतःच लिहून दिलं. शिमगा झाल्यावर सूरज आणि कोमल शिरवळला कंपनीत कामाला गेले. आईशी सूरज आता बोलायला लागला होता, पण कामापुरतं. म्हशी विकल्या, शेळ्या म्हातारीसाठी ठेवल्या.

मे महिन्यात शेजारच्या गावची बाळाबाई नावाची आशा त्या वाड्यासाठी नेमली गेली. तिला वाट माहीत नव्हती, म्हणून एकदा अश्विनीच तिला घेऊन वर गेली. वाटेत करवंदं पिकली होती. कुणी तोडली नव्हती. अश्विनीनं बाळाबाईला घरं दाखवली, कुठल्या घरात कोण पोटुशी आहे ते सांगितलं, पण ती कुणाच्या उंबऱ्याच्या आत गेली नाही. सोजराबाई पडवीत बसून दोर वळत होती. तिनं दोघींना पाणी दिलं. अश्विनीच्या हातात तांब्या देऊन ती तो रिकामा होईपर्यंत थांबली आणि परत घेतला.

बाळाबाईनं नवी वही उघडली. "आजी, घरात माणसं किती?"

"एक," सोजराबाई म्हणाली.

बाळाबाईनं एक लिहिलं आणि पुढच्या घराकडं निघाली. अश्विनी तिच्या मागून गेली.